स्थळ पाहायला आलेली पार्टी

माणसानं आपल्या वस्तीचा अभिमान किती धरावा, याची एक हद्द असते म्हणतात. ती कुठे असते, हे मला ती ओलांडून पार पलीकडे गेल्यावर कळलं. तुम्ही चहा घ्या, थंड होऊन राहिला. मधेमधे हसलात तरी चालेल, कारण सगळं आमगाव हसून झालं आहे. तुम्हीच तेवढे राहिले.

मी कटरे. आमगावात स्टेशनपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर आमचा पटवारी लेआउट आहे. कधीकाळी एका पटवाऱ्यानं आपल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मोडून प्लॉट पाडले, म्हणून हे नाव. नोकरी गोंदियाला. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. याला आमच्याकडे अपडाऊन म्हणतात. लेआउटातली अर्धी माणसं अपडाऊनवाली.

आता अपडाऊनवाल्या माणसाकडे गोंदियातले लोक कसे बघतात, ते मी सांगायला पाहिजे का? ऑफिसात आमचे साहेब दर उन्हाळ्यात म्हणतात, "कटरेजी, कब तक गाँव से आओगे? इधर ही एक फ्लैट देख लो." मीही दर उन्हाळ्यात तेच उत्तर देतो, "साहेब, फ्लॅट पाहाले मी तयार आहो, पण राहाले नाही."

कारण काय? तर ऐका. मी प्लॉट घेतला तेव्हा तो माझ्यासारख्या बाबूच्या पगारात बसत होता, हे खरं. पहिल्या पावसाळ्यात न्हाणीघरात बेडूक निघायचे, हेही खरं. पण आता सिमेंटचा रस्ता झाला, घरोघरी मुनग्याची, म्हणजे तुमच्या शेवग्याची, झाडं झाली, आणि मुख्य म्हणजे माणसं मुरली. आमची गाडी लेट झाली तर शेजारी उईके भाऊंच्या घरून आमच्या दोरीवरचे कपडे आत जातात. बिसेन गुरुजी रिटायर आहेत, त्यांच्याकडे अख्ख्या ओळीच्या घरांच्या किल्ल्या असतात. कोणती किल्ली कोणाची, हे किल्लीवर लिहिलेलं नाही. गुरुजींना माहीत आहे, तेवढं पुरे.

उलट माझा साळा देवराम. नागपूरला फ्लॅटात राहतो. एकदा त्याच्याकडे गेलो तर लिफ्टमध्ये एका गृहस्थाला त्यानं मान हलवून नमस्कार केला. मी विचारलं, कोण होते? देवराम म्हणाला, शेजारी असतील. असतील! आणि हा माणूस मला सांगतो की भाऊजी, ते लेआउट सोडा, तिथं काही स्टँडर्ड नाही.

तर अशी माझी मनःस्थिती. त्यात यंदा दिवाळीनंतर लेआउटात एक बातमी पसरली. गोंदियाची कोणती तरी पार्टी आमच्या कोपऱ्यावरची घरं विकत घेणार आणि तिथे लॉन काढणार. लॉन म्हणजे हिरवळ नाही बरं. आमच्या विदर्भात लॉन म्हणजे लग्नाचा लॉन: मांडव, डीजे, घोडा, फटाके, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ताभर उष्ट्या पत्रावळी. कोपऱ्यावरची घरं कोणती? एक माझं, एक उईके भाऊंचं. बाजूला रिकामा प्लॉट.

बातमी खोटी नव्हती. एक जण फीत घेऊन आला आणि रिकामा प्लॉट मोजता मोजता माझ्या कंपाउंडपर्यंत मोजून गेला. दुसरा काळा चष्मा लावून आला आणि गुरुजींना घराचा भाव विचारून गेला. मग गुरुजींच्या अंगणात मीटिंग झाली. सगळे म्हणाले, कोणी विकायचं नाही. उईके भाऊ जंगल खात्यात वनरक्षक होते, बोलणं कमी. ते एवढंच म्हणाले, "मी अस्वलाले घाबरलो नाही." मी मात्र उभं राहून भाषण केलं. म्हटलं, यापुढे जो कोणी घरं पाहायला येईल, त्याला मी बघून घेतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या फार वाईट असतात. माणसाला ते खरं वाटायला लागतं.

याच दिवसांत आमच्या घरी दुसरी गडबड चालू होती. माझी मुलगी मयुरी. गोंदियाला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तीही अपडाऊनवाली. तिच्यासाठी देवरामनं एक स्थळ सांगितलं होतं. तिरोड्याचे रहांगडाले. मुलगा निलेश गोंदियालाच नोकरीला, तोही रोज तिरोड्याहून येणारा. फोटो इकडून तिकडे गेले, दोघांचं फोनवर बोलणं झालं, आणि मयुरी स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली. बायको म्हणाली, पोरीच्या मनात भरलं आहे, आता तुम्ही काही बिघडवू नका.

रविवारी ते लोक रीतसर पाहायला येणार होते. रविवारी कमी बोलायचं, हे बायकोनं मला चारदा बजावलं. शनिवारबद्दल ती काही बोलली नव्हती.

शनिवारी मला सुट्टी होती. मयुरी लॅबला गेलेली, बायको पाहुण्यांसाठी बाजार करायला. मी रस्त्यावर उभा राहून मुनग्याच्या बाहेर आलेल्या फांद्या छाटत होतो. लुंगी, बनियान, डोक्याला दुपट्टा, हातात कोयता. एवढ्यात एक पांढरी गाडी कोपऱ्यावर येऊन थांबली. एक साठीचे गृहस्थ उतरले, इस्त्रीच्या शर्टातले. मागून एक बाई उतरल्या, काठाच्या साडीतल्या. दोघांनी माझं घर खालून वर पाहिलं. मग वरून खाली पाहिलं. मग कंपाउंड पाहिलं, मग रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

तुम्हीच सांगा, घर असं कोण बघतं? घेणाराच बघतो ना?

गृहस्थ माझ्याजवळ आले. "कटरेंचं घर हेच का जी?"

मी विचार केला, आधी यांच्या पोटात काय आहे ते काढावं, मग आपण कोण ते सांगावं. म्हटलं, "हेच. काऊन?"

"काही नाही. स्थळ पाहाले आलो होतो."

तुम्ही हसून राहिले. तुमच्या लक्षात आलं की हे रहांगडालेच, निलेशचे वडील, आणि सोबतची त्याची आत्या. माझ्या नाही आलं! स्थळ म्हणजे काय? जागा. निमंत्रणाच्या कार्डावर काय छापतात? वेळ अमुक, स्थळ अमुक. माझं डोकं आठ दिवस त्या लॉननं भरलेलं. त्यात दुसऱ्या अर्थाला शिरायला जागा नव्हती.

मी विचारलं, कोणी पाठवलं? ते म्हणाले, मधला माणूस आहे एक, नागपूरचा. झालं. म्हणजे आता नागपूरचे दलालही यात उतरले. पुढे ते म्हणाले की उद्या रीतसर यायचंच आहे, पण आज इकडे एका कामानं आलो होतो, म्हटलं आधी जरा चौकशी करून घ्यावी. उद्या! उद्या माझ्या पोरीला पाहायला पाहुणे येणार, आणि त्यांच्यासमोर हे लोक फीत घेऊन अंगणात वाकणार. यांना आजच इथून असं पळवलं पाहिजे की उद्या आमगावचं नाव काढणार नाहीत, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

"तुम्ही शेजारी का?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "माझ्याइतकं कटरेले ओळखणारं दुसरं कोणी नाही." यात खोटं काय होतं?

मग त्यांनी विचारलं, माणूस कसा आहे. मी सांगायला सुरुवात केली. म्हटलं, कटरे एक नंबरचा भांडकुदळ. त्याच्याशी व्यवहार केलेला माणूस सुखानं झोपला नाही. आज हो म्हणेल, उद्या फिरेल, परवा कोर्टात उभा करेल. मी माझी इतकी बदनामी केली की माझा मलाच राग यायला लागला.

बाई काळजीत पडल्या. म्हणाल्या, "पण बाकी सगळं? फोटोत तर छान दिसून राहिलं."

"फोटोवर जाऊ नका बाई. वरून रंग मारला आहे. आतून पाहाल तर हात लावाल तिथं पोपडे."

बाईंनी गृहस्थांकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "किती वर्षं झाले असतील?"

आता घर बांधून खरं किती वर्षं झाली ते सोडा. जुनं म्हटलं की गिऱ्हाईक पळतं. मी म्हटलं, तीस तर कधीच होऊन गेले.

"आम्हाले तर सव्वीस सांगितले."

"मधले लोक कधी खरं सांगतात का?"

गृहस्थांनी विचारलं की आधी कोणी पाहून गेलं का. मी म्हटलं, दोन पार्ट्या येऊन गेल्या. एक तर फीत घेऊन आली होती, लांबीरुंदी सगळी मोजून गेली. बाईंचा हात तोंडावर गेला. मला वाटलं, बाण लागला. दोघं जरा बाजूला होऊन काहीतरी बोलले. मग गृहस्थ परत माझ्याजवळ आले, इकडे तिकडे पाहिलं आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, एक विचारतो, राग मानू नका. काही प्रकरण वगैरे तर नाही ना?"

जागा घेणारा माणूस हे विचारणारच. वाद आहे का, हद्दीचं काही आहे का. आणि खरंच होतं. माझ्या मुनग्याच्या फांद्या उईके भाऊंच्या गच्चीवर जातात, त्यावरून आमची दर हिवाळ्यात बोलाचाली होते. मी ते जरा फुगवलं.

"आहे ना. जुनं प्रकरण आहे. शेजाऱ्यासोबत."

"शेजाऱ्यासोबत?"

"हे बाजूचे उईके. जंगल खात्यातून रिटायर झालेले. साऱ्या लेआउटले माहीत आहे."

बाई म्हणाल्या, "रिटायर?" आणि गाडीला टेकून उभ्या राहिल्या.

इतकं ऐकून खरा दलाल केव्हाच पळाला असता. पण हे गृहस्थ सज्जन होते. मुलासाठी ते एवढंही गिळायला तयार झाले. म्हणाले, "काय करता जी, आमचा मुलगा अडून बसला. लग्न करीन तर इथंच करीन म्हणते."

लग्न! आला शब्द तोंडात. माझा तोल गेला. मी कोयता वर करून म्हटलं, "लग्नाचंच म्हणता ना? तेच आम्हाले नको आहे. या लेआउटात आम्ही लग्न होऊ देणार नाही."

गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, "पण तुम्हाले काय त्रास आहे?"

मी त्रास सांगितला. डीजे सांगितला, गाड्या सांगितल्या, पत्रावळी सांगितल्या, परीक्षेला बसलेली पोरं सांगितली. म्हटलं, आज एक लग्न लावाल, उद्या दुसरं लावाल, मग रोज नवा नवरदेव. बाई कळवळून म्हणाल्या, "अहो, आम्हाले एकच लावायचं आहे."

"सुरुवात एकानंच होते बाई."

एवढ्यात आवाज ऐकून उईके भाऊ भिंतीपलीकडून वर आले. उघडे, पांढऱ्या भरघोस मिशा. त्यांना वाटलं, लॉनवाले आले. मी ओरडून विचारलं, "उईके भाऊ, सांगा यांना. देता का?"

उईके भाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "मी जिवंत आहो तोवर कोणी नेऊन दाखवावं."

गृहस्थांनी मला विचारलं, "हेच का ते शेजारी?" मी म्हटलं, हेच. त्यांनी उईके भाऊंना एकदा नीट पाहिलं, बाईंना हाताला धरून गाडीत बसवलं, आणि गाडी गेली. मी तिच्या धुळीकडे बघत उभा होतो. इतका आनंद मला प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता.

मग काय, गुरुजी आले, दोनचार जण जमले, गुरुजींच्या घरून गरम भजे आले. मी सगळं साभिनय सांगितलं. गुरुजी म्हणाले, कटरे, तुम्ही होते म्हणून वाचलो. त्या भज्याची चव अजून जिभेवर आहे, कारण त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत मला जेवण गेलं नाही.

बायको पिशव्या घेऊन आली आणि पाठोपाठ देवरामचा फोन आला. बायको ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. रविवारचं रद्द. तिरोड्याचे लोक येणार नाहीत. मी फोन घेतला आणि कारण विचारलं. देवराम म्हणाला, "तुमच्याच लेआउटातला कोणी नालायक माणूस आहे भाऊजी. ते बिचारे आज चौकशी कराले आले होते. त्यानं रस्त्यावर उभं राहून पोरीची, घराची, तुमची, सगळ्यांची लक्तरं काढली. म्हणून मी सांगत असतो, असल्या वस्तीत राहू नका."

मी हातातला भजा खाली ठेवला.

बायको पेटली होती. कोण मेला तो, त्याचं नाव सांगा, मी आत्ता जाऊन त्याच्या दारात बसते. माझ्या पोरीचं वाटोळं करणारा कोण आहे तो? देवराम फोनवरून त्याचं वर्णन सांगत होता, आणि बायको ते मोठ्यानं म्हणत होती. लुंगी. बनियान. डोक्याला दुपट्टा. हातात कोयता. म्हणता म्हणता तिची नजर माझ्यावर आली. मी अजून कपडे बदलले नव्हते. तिनं मला खालून वर पाहिलं, मग वरून खाली पाहिलं. दुपारी त्या दोघांनी घर पाहिलं होतं, अगदी तसं.

"तुम्ही होते?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मला वाटलं लॉनवाले आहेत. ती काही बोलली नाही. बायको बोलत असली की मी घाबरत नाही. तिनं कोयता उचलला आणि आत नेऊन ठेवला. बहुतेक माझ्याच भल्यासाठी.

संध्याकाळच्या गाडीनं मयुरी आली. तिला मीच सांगितलं, पायरीवर बसून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. ती रडली असती तर मी समजूत काढली असती. हसली असती तर मीही हसलो असतो. ती नुसती ऐकत राहिली, खांद्यावरची बॅगही तिनं काढली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "बाबा, माझं प्रकरण उईके काकांसोबत?"

मी म्हटलं, "मुनग्याचं प्रकरण, बाई."

ती आत गेली आणि निलेशला फोन लावला. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो. आतून शब्द ऐकू येत नव्हते. मला वाटत होतं, इतकी वर्षं या पोरीनं पहाटे उठून डबा भरला, गाडी पकडली, स्वतःच्या पायावर उभी राहिली, आणि बापानं एका दुपारी कोयता हातात घेऊन तिचं सगळं छाटून टाकलं. गंमत सांगून राहिलो तुम्हाला, पण त्या घटकेला गंमत नव्हती.

मयुरी बाहेर आली ती वेगळंच घेऊन आली. तो माणूस म्हणजे आपला बापच, हे काही तिच्या तोंडून निघालं नव्हतं. म्हणाली, निलेशच्या वडिलांचा त्या माणसाच्या बोलण्यावर विश्वासच बसला नाही. इतकं वाईट कोणाचंच नसतं, असं ते म्हणाले. वयाचं, प्रकरणाचं, सगळं त्यांनी सोडून दिलं. त्यांचं म्हणणं एकच. ज्या वस्तीत शेजारीच शेजाऱ्याबद्दल परक्या माणसाजवळ असं बोलतो, ती वस्ती चांगली नाही. तिथे सोयरीक नको.

हे मात्र मला लागलं. मुलीचं त्यांनी माफ केलं, माझं केलं, घराचं केलं, आणि नाव ठेवलं कोणाला? लेआउटला! ज्या लेआउटसाठी मी साहेबांशी भांडतो, देवरामशी भांडतो, त्याच्यावर डाग लागला, आणि तो लावला कोणी? मी उभा राहिलो. म्हटलं, उद्या तिरोड्याला जातो आणि सांगून येतो, वस्तीत काही खोट नाही. खोट माझ्यात आहे.

बायको आतून म्हणाली, "हे वाक्य पाठ करा. याच्या पुढं एक शब्द बोलू नका."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी, बायको, आणि उईके भाऊ. उईके भाऊंना कोणी बोलावलं नव्हतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, मिशा विंचरून आमच्याआधी स्टेशनवर येऊन उभे होते. म्हणाले, माझं नाव निघालं आहे, मी येतो. गोंदियाला गाडी बदलली आणि तिरोड्याला उतरलो. वाटेत उईके भाऊंनी एकदाच तोंड उघडलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फांद्या आधीच छाटल्या असत्या, तर हे झालं नसतं."

रहांगडालेंचं घर सापडलं. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांना वाटलं, तो भांडकुदळ कटरे त्या नालायक शेजाऱ्याला पकडून माफी मागायला घेऊन आला. ते उईके भाऊंकडे बघून म्हणाले, "तुम्ही कटरे का?" पण लगेच त्यांना मिशा आठवल्या, आणि ते आणखी गोंधळले.

मी हात जोडले. म्हटलं, "कटरे मीच आहो."

"मग काल तो?"

"तोही मीच."

आम्हाला आत घेतलं, पाणी आलं, आणि मी सांगायला लागलो. पाठ केलेलं एक वाक्य कुठल्या कुठे गेलं. लॉनची बातमी सांगितली, मीटिंग सांगितली, स्थळ म्हणजे मला काय वाटलं ते सांगितलं, लग्न म्हणजे काय वाटलं ते सांगितलं. प्रकरणापाशी आलो तेव्हा उईके भाऊ खुर्चीवरून उठले. हा माणूस आयुष्यात एवढा कधी बोलला नसेल. म्हणाले, "साहेब, ते पोर माझ्या अंगणात रांगलं. एका पावसाळ्यात गाडी वाटेतच अडकली होती, तेव्हा मीच मोटरसायकलवर जाऊन तिले घेऊन आलो. प्रकरण आहे ते यांच्या मुनग्याचं आहे. ते मात्र मी सोडणार नाही."

पहिल्यांदा आत्या हसल्या. पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायला लागले. मग आतून मुलाची आई हसली. निलेश दाराच्या चौकटीला धरून उभा होता, तो आत पळाला. रहांगडाले मात्र हसले नाहीत. वकिलासारखे समोर बसून होते.

मला वाटलं, आता वस्तीबद्दल बोललंच पाहिजे. बायकोनं डोळे मोठे केले, पण मी थांबलो नाही. म्हटलं, साहेब, मला काय म्हणायचं ते म्हणा, लेआउटला काही म्हणू नका. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर आमच्याकडे चूल पेटली नाही, डबे आले. बिसेन गुरुजींनी माझ्या पोरीला गणित फुकट शिकवलं. तिथे कोणी कोणाचं वाईट बोलत नाही. कालपर्यंत कोणी बोललं नव्हतं, आणि काल जो बोलला तो स्वतःबद्दलच बोलला. अशी वस्ती तुम्हाला गोंदियात मिळणार नाही, नागपुरात मिळणार नाही. बोलता बोलता माझा आवाज चढला. माफी मागायला गेलो होतो आणि त्यांच्या घरात बसून त्यांनाच दम देऊन राहिलो होतो.

रहांगडाले सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे गुरुजी चांगले?"

"देवमाणूस."

"हे उईके चांगले?"

"सोन्यासारखे."

"मुलगी सव्वीसचीच आहे, घर धड आहे, प्रकरण मुनग्याचं आहे."

"हो जी."

"म्हणजे अख्ख्या लेआउटात नालायक माणूस म्हणून तुम्ही एकटेच."

बायको माझ्याकडे बघत होती. उईके भाऊ छताकडे बघत होते. नाही म्हणावं तर लेआउटातलं दुसरं कोणी तरी वाईट ठरतं. मी ताठ बसलो आणि छाती पुढे काढून म्हटलं, "हो. मी एकटाच."

रहांगडालेंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. ते बहिणीकडे वळून म्हणाले, "मग काही हरकत नाही, बाई. पोरगी आपल्याकडे येईल. हे तिथंच राहतील."